ठमेलमधलं भाड्याच्या ट्रेकिंग सामानाचं दुकान: स्लीपिंग बॅग उत्तम, काठ्यांचं बघा

नेपाळातल्या लांगटांगचा ट्रेक ठरला आणि रामबागेतल्या आमच्या घरी जो येईल तो एकच सांगू लागला: सगळं सामान इंदूरहूनच घेऊन जा, परदेशात लुबाडतात. परदेश म्हणजे काठमांडू. तिथला दुकानदार माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलतो आणि भारतीय शंभराची नोट पाहिली की न विचारता 160 नेपाळी धरतो. आम्ही या सल्ल्याच्या नेमकं उलट केलं. बूट, मोजे आणि अंगालगतचे कपडे घरून नेले. जाड, जड आणि महागडं ते सगळं ठमेलमधून, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या बाजारातून, भाड्याने घेतलं. हे परीक्षण त्या भाड्याच्या दुकानाचं. माझ्याकडून साडेतीन तारे. एक तारा काठ्यांनी घालवला, अर्धा धुलाईने.

नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत. शिवाय नाव सांगून फार उपयोगही नाही. ठमेलात ‘हिमालय’, ‘एव्हरेस्ट’, ‘शेर्पा’ आणि ‘ॲडव्हेंचर’ हे चार शब्द उलटसुलट जोडून निम्म्या पाट्या रंगवल्या आहेत, तुम्ही भलत्याच दुकानात शिराल. छेत्रपाटीच्या बाजूला जाताना वरच्या मजल्यांवर अशी बरीच दुकानं दिसतात. खाली पश्मिना आणि प्रार्थनापताका, वर अंधारा जिना, जिन्याच्या कठड्याला लोकांनी परत केलेले बूट टांगलेले. आमचं दुकान त्यातलंच एक.

बरोबर शाळेपासूनची मैत्रीण होती. ती सीए आहे, म्हणून इथे तिला सीएच म्हणते. खरं नाव लिहिलं तर लेख टाकल्यावर पाच मिनिटांत तिचा फोन येईल. आमच्या दोघींच्या स्वभावाचं सांगायचं तर, मी दुकानात शिरले की मला सगळं आवडतं आणि तिला काहीच पटत नाही. सामान भाड्याने घ्यायला अशी जोडी लागते. एकटीने गेले असते तर मी अर्धं ठमेल विकत घेऊन आले असते.

भाड्याने घ्यायचा हट्ट अर्थात तिचाच. हिशेब तिने विमानातच मांडला होता. उणे दहा अंशांपर्यंत चालेल अशी बरी स्लीपिंग बॅग आपल्याकडे आठ-दहा हजारांना पडते. ठमेलमध्ये तशीच बॅग आम्हाला दिवसाला दीडशे नेपाळीत मिळाली. नेपाळी आकड्याला आठाने भागून पाचाने गुणलं की आपले रुपये येतात, म्हणजे 94 रुपये. नऊ हजारांची बॅग वसूल व्हायची तर तिच्यात 96 रात्री झोपायला हवं. “आणि इंदूरात ती ठेवणार कुठे?” हा तिचा पुढचा प्रश्न. माळ्यावर. पिसांची बॅग पिशवीत गच्च कोंबून ठेवली की पिसं चेपतात, फुगायची थांबतात. ती सैल, हवेशीर ठेवावी लागते. आमच्या माळ्यावर दिवाळीचे आकाशकंदील सैल राहत नाहीत, तिथे बॅग काय राहणार.

प्रवासाचं थोडक्यात. इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार दाखवून भागेल असं समजू नका. सीएने पासपोर्ट नूतनीकरणाला दिला होता, ती मतदार ओळखपत्रावर आली, आणि दिल्लीत रांगेतल्या निम्म्या लोकांनी ते कार्ड हातात घेऊन पाहिलं. काठमांडूत उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. अर्धा तास नाही, पाव तास. गाईडला वेळ देताना लक्षात ठेवा.

ट्रेकच्या आधी काठमांडूत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, ही माझी कळकळीची सूचना. उंचीची सवय व्हावी म्हणून नाही. काठमांडू 1,400 मीटरवर आहे आणि लांगटांगचं पायथ्याचं स्याफ्रुबेसीही साधारण तेवढ्याच उंचीवर, सवय वगैरे पुढेच करायची असते. दिवस लागतो तो सामानासाठी. संध्याकाळी उतरून पहाटेची जीप पकडणारे लोक मी पाहिले. रात्री आठ वाजता दुकानात येतात, जे हाताला लागेल ते उचलतात, आणि मग तिसऱ्या मुक्कामावर बॅगेची चेन अडकली म्हणून जेवणाच्या खोलीत शेकोटीशी बसून राहतात.

आम्ही सकाळ आधी असनच्या बाजारात घालवली. तिथे नाश्त्याला जेरी-स्वारी खाल्ली. जेरी म्हणजे आपली जिलबीच, जरा जाड नळीची, आणि ती पातळ, मऊ पुरीत गुंडाळून खायची. पोहे-जिलबीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, तरी सीएने पहिला घास घेऊन “पोह्याची जागा पुरीने नाही भरून निघत” असा शेरा मारला आणि दुसरी प्लेट सांगितली. मग पशुपतिनाथ. आम्हा माळव्यातल्यांचा पशुपतिनाथ मंदसौरचा, आठ मुखांचा. इथे लिंगाला चार दिशांना चार मुखं. दर्शनाच्या रांगेतच सीए म्हणाली, आपल्याकडे दुप्पट आहेत. असो.

दुपारी बाराच्या सुमाराला दुकानात. मालकीण पन्नाशीच्या, रसुवा जिल्ह्यातल्या, म्हणजे लांगटांग ज्या जिल्ह्यात येतं तिथल्याच. त्या आम्हाला दिदी म्हणत होत्या, आम्ही त्यांना. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो आम्हाला फार आवडला: “कुठे जाणार आणि कधी?” याआधीच्या दोन दुकानांत पहिला प्रश्न होता “किती दिवसांसाठी?”

आम्ही उणे वीसची बॅग मागितली. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलं. दिदींनी ती दाखवली, भाव सांगितला, आणि लगेच म्हणाल्या, ही नेऊ नका. लांगटांगच्या लॉजमध्ये जाड रजया मिळतात. उणे दहाची बॅग आणि वर रजई, एवढं क्यांजिन गोम्पाला, म्हणजे या वाटेवरच्या शेवटच्या गावाला, पुरतं. उणे वीसची बॅग नेलीत तर किलोभर ओझं वाढेल आणि रात्री घामाने उठाल. भाड्याच्या दुकानात माणूस तुम्हाला कमी भाड्याची वस्तू घ्यायला सांगतो, ही गोष्ट सीएला पचायला वेळ लागला. तिने दोन वेळा विचारलं, यात यांचा काय फायदा? फायदा होता: त्या एका सल्ल्यामुळे बाकीचं सगळं सामानही आम्ही तिथूनच घेतलं.

आता तपासणी कशी करायची ते जरा सविस्तर, कारण हे कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही.

बॅग पिशवीतून काढून जमिनीवर पसरायला सांगा आणि दहा मिनिटं तिच्याकडे बघू नका. दिदींनी चहा मागवला तेवढ्यात आमच्या बॅगा हळूहळू फुगल्या. पिसं चांगली असतील तर बॅग पुरणपोळी तव्यावर टम्म फुगावी तशी वर येते. नसतील तर सतरंजीसारखी पडून राहते (दुसऱ्या दुकानातली तशी पडून राहिली होती). मग दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरा. कप्प्याकप्प्यांत पिसं सारखी पसरलेली दिसली पाहिजेत. जिथून उजेड आरपार येतो तिथून थंडीही येणार. चेन वरून खाली आणि खालून वर, आतून आणि बाहेरून, किमान चार-पाचदा चालवा. चेनच्या आतल्या बाजूने पिसांची एक जाड पट्टी असते, ती नसेल तर बॅग परत करा. डोक्याच्या टोपीची दोरी ओढून बघा. शेवटी नाक घाला. होय, नाक. ओलसर वास म्हणजे नीट न वाळवता भरून ठेवलेली.

लेबल वाचताना एक गोष्ट. खऱ्या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर एक नाही, तीन तापमानं असतात: आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं. आरामाचा आकडा बायकांच्या शरीराला धरून काढलेला असतो, मर्यादेचा पुरुषांच्या. टोकाच्या आकड्याला माणूस झोपत नाही, फक्त जगतो. तेव्हा बायकांनी पहिला आकडा पाहावा. आणि बॅगेवर नुसतंच मोठ्या अक्षरांत ‘−20’ छापलेलं असेल, बाजूला काहीच नसेल, तर तो आकडा छापणाऱ्याच्या मनातला आहे असं धरून चाला.

दुसऱ्याच्या बॅगेत झोपायची किळस वाटते का, हा प्रश्न घरी सगळ्यांनी विचारला. मला थोडी वाटतेच. त्यावर उपाय म्हणजे आतलं अस्तर, गवसणीसारखं शिवलेलं. ठमेलमध्ये रेशमी अस्तरं विकत मिळतात. मी इंदूरहूनच आणलं होतं, आईच्या जुन्या सुती महेश्वरीचं, मल्हारगंजातल्या शिंप्याकडून दोन बाजू शिवून. शिंप्याने “हे कुणासाठी?” विचारलं तेव्हा मी “माझ्यासाठी” म्हटलं आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. दिदींनी त्या अस्तराचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं आणि असं कुठे मिळतं विचारलं. मी महेश्वरचा पत्ताच लिहून दिला.

डाउन जॅकेटचं बॅगेसारखंच, फक्त शिवणी जास्त बारकाईने बघा. दोन बोटांत चिमटून काडीसारखं टोचलं तर आत मऊ पिसांपेक्षा दांड्याच जास्त आहेत. दिवसाला 120 नेपाळी. बाहेर रस्त्यावर जगप्रसिद्ध कंपन्यांची नावं भरतकाम केलेली जॅकेटं तीन-साडेतीन हजार नेपाळीत विकायला होती, आणि मी एकाची कॉलर हातात धरलीही. सीएने माझा हात धरून बाजूला नेलं. माझं मत अजून तेच आहे: जानेवारीच्या रात्री इंदूरच्या सराफ्यात गराडू खायला जाताना घालायला ते जॅकेट झकास आहे. चार हजार मीटरवर नाही. अस्सल माल हवा असेल तर त्रिदेवी मार्गावर कंपन्यांची खरी दुकानं आहेत, तिथले भाव पाहून मात्र भाड्याचं महत्त्व आणखी पटतं.

अनामतीवरून पहिली कुरबुर झाली. दुकानाची पद्धत अशी की पासपोर्ट ठेवा, सामान न्या. पासपोर्ट कोणाकडेही ठेवू नका. पुढे धुंचेला राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर परवाना आणि ओळखपत्र दोन्ही लागतं (सार्क देशांच्या नागरिकांना तिथे इतर परदेशीयांपेक्षा कमी दर आहे, भारतीय असल्याचं आधीच सांगा). सीएकडे तर द्यायला पासपोर्टच नव्हता. शेवटी दोघींचे मिळून दहा हजार नेपाळी रोख अनामत ठरली. यूपीआयने चालेल का विचारलं. 2024 पासून तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, ही फोनपे कंपनी आपल्या फोनपेपेक्षा वेगळी आहे. भाडं त्यावर घेतलं, अनामत मात्र रोखच. परत करायला सोपी जाते म्हणाल्या, ते पटलं. पावती कार्बन लावून, प्रत्येक वस्तूच्या आधीच्या डागांची नोंद करून. ती नोंद सीएने स्वतः बसून लिहवून घेतली. दिदी हसत होत्या, पण लिहीत होत्या.

काठ्या मात्र तेव्हा दुकानात नव्हत्या. आदल्या गटाकडून यायच्या आहेत, संध्याकाळी पाठवते, असं सांगितलं. त्या रात्री साडेनऊला गेस्ट हाऊसवर आल्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या, आणि आमची जीप पहाटेची. हे दुकानाचं चुकलंच. काठी अशी वस्तू आहे की ती घेणाऱ्यासमोर लांब करून, अंगाचा भार देऊन दाखवायला हवी. उतारावर, लामा हॉटेल नावाच्या वस्तीच्या अलीकडच्या जंगलात, सीएच्या एका काठीचं फिरकीचं कुलूप सुटलं आणि काठी भार पडताच अर्धी झाली. सीए नुसती खाली बसली, लागलं नाही. पण तिथे वाट ओली होती आणि बाजूला नदी. फिरकीच्या कुलपाऐवजी बाहेरून खटका असलेल्या काठ्या मागा. खटका सैल झाला तर दिसतो, फिरकी आतल्या आत झिजते.

बॅगांबद्दल एक अक्षर तक्रार नाही. क्यांजिन गोम्पा 3,870 मीटरवर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती, आणि मी महेश्वरीच्या आत, बॅगेच्या आत, लॉजच्या रजईखाली, पायाशी गरम पाण्याची बाटली घेऊन, घरी झोपते त्यापेक्षा बरी झोपले. दिदींचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. तिथला याकच्या दुधाचा चीज कारखाना त्यांनीच सांगितला होता. सीएला चीज आवडलं नाही, मला आवडलं, त्यामुळे वाटणी सोपी गेली. लॉजमधल्या उकडलेल्या बटाट्यांवर घालायला जीरावन, आमचा इंदुरी मसाला, आणलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी गाईडने मागून घेतलं आणि नंतर लॉजच्या स्वयंपाकघरात पोहोचलं. न्यायचं तर जास्त न्या.

सीएच्या जॅकेटच्या खांद्यावरच्या शिवणीतून मधूनमधून एखादं पीस बाहेर यायचं. ते बाहेरून ओढायचं नाही, आतून कापडाला चिमटा काढून परत आत घ्यायचं आणि वर औषधी चिकटपट्टी लावायची. पावतीवर ती शिवण आधीपासून नोंदलेली होती, म्हणून वाद झाला नाही. औषधांवरून आठवलं: उंचीच्या त्रासाची डायमॉक्स ठमेलच्या औषधाच्या दुकानात सहज मिळते, पण ती इंदूरलाच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. आणि गोळी घेतली तरी तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

परतीच्या दिवशी दुकानात दिदी नव्हत्या, त्यांचा भाचा होता. त्याने सामान पाहिलं आणि धुलाईचे प्रत्येकी पाचशे नेपाळी मागितले. पावतीवर धुलाईचा शब्द नव्हता. सीएने पावती काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवून उभी राहिली. ऑडिटमध्ये ती अशीच उभी राहत असावी. भाच्याने दिदींना फोन लावला. काठीचं त्यांनी ऐकताक्षणी मान्य केलं, दोन्ही जोड्यांचं सगळं भाडं परत द्यायला सांगितलं, माफीही मागितली. धुलाईचे पाचशे मात्र सोडले नाहीत. सगळ्यांकडून घेतो म्हणाल्या. सगळ्यांकडून घेता तर पावतीवर छापा, हे सीएने मराठीत म्हटलं आणि भाच्याला ते नेमकं कळलं. एकूण हिशेब केला तरी विकत घेण्यापेक्षा फार स्वस्त पडलं, हे तिनेच गेस्ट हाऊसच्या खोलीत कबूल केलं.

गेस्ट हाऊसचं दोन ओळीत: गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, गच्ची छान, वायफाय जिन्यात. ठमेलच्या मुख्य चौकाजवळ राहू नका, रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात आणि दुसऱ्या दिवशी माछापोखरीहून जीप पकडायची असते.

पुन्हा गेलो तर याच दुकानात जाऊ, काठ्या सोडून. त्या मी आता इथे इंदूरलाच घेतल्या आहेत, खटक्याच्या, आणि जवळच्या जानापाव डोंगराच्या चढउतारावर वापरून पाहिल्या. जाणाऱ्यांनी दुपारी जा, दिदी असताना. संध्याकाळी गेलात तर बल्बच्या पिवळ्या उजेडात डाग दिसत नाहीत, आणि काउंटरवर भाचा असतो.